मैनेची किल्ली

एका गावात एक भोळा पिराजी होता. भोळे काय, गावोगाव असतात. पण हिंगणमाळ गावात भोळ्याच्या जोडीला विमानही होतं, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

विमान होतं जगदेवतात्यांचं. उमेदीच्या काळात तात्या कपाशीवर औषध फवारायचं विमान चालवायचे. पुढे कंपनी बसली आणि विमान कुठल्याशा माळावर गंजत पडलं. तात्यांनी पंख सुटे, शेपूट सुटं असं ते तीन ट्रॅक्टरांवर घालून गावी आणलं आणि अकरा वर्षं त्याच्यापायी घालवली. वरखाली दोन पंख, पंखांवर ताणून बसवलेलं कापड आणि नाकाशी नऊ सिलिंडर, गोल पंगतीला बसल्यासारखे. या विमानाचं नाव मैना. अनसाकाकी, म्हणजे तात्यांचं कुटुंब, म्हणायच्या, "माझी सवतच ती. फरक एवढाच, की तिला रोज तेल मिळतं."

गावाबाहेर फवारणीच्या काळातली धावपट्टी होती. तिथे आता गोदाम व्हायचं ठरलं होतं. अर्ध्या पट्टीवर मुरमाचे ढीग येऊन पडलेसुद्धा. तात्यांनी अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठे उत्तर आलं: अठरा तारखेला तपासणीचे साहेब येतील. विमान त्यांच्यादेखत उडून धड खाली उतरलं, तर उरलेली पट्टी विमानाला. नाहीतर पट्टी गोदामाला आणि विमान भंगाराला. तात्यांचं वय चौऱ्याहत्तर. त्यांना दुसरी अठरा तारीख कोण देणार?

आणि तात्यांच्या हाताखाली कोण? तर पिराजी. चाळिशीचा गडी, अंगात बैलाची ताकद, मैनेवर भारी जीव. सांगितलेलं विसरू नये म्हणून तो उपरण्याला गाठ मारायचा. सांगितलेलं एक, की गाठ एक. आणि एकदा मारलेली गाठ पिराजी कधी सोडत नसे.

एके सकाळी पिराजीने पाहिलं, तर मैनेच्या इंजिनातून थेंब थेंब तेल गळतंय. त्याला फार वाईट वाटलं. त्याने भराभर चिंध्या आणून कोंबल्या. तात्या आले आणि कडाडले, "काढ आधी त्या! अरे, जुनं इंजिन आहे, तेल गाळणारच. ठिबकतंय तोवर समजायचं, आत तेल आहे. ठिबकायचं थांबलं, की समजायचं, संपलं. ठिबकत असेल तर हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं," पिराजी म्हणाला, आणि त्याने गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी काकींनी त्याला घाण्यावर धाडलं, शेंगदाण्याचं तेल आणायला. डब्याला बुडाशी बारीक भोक होतं. पिराजीने ते पाहिलं. डबा खांद्यावर घेतला आणि दोन कोस चालत आला. मागून गावातली कुत्री वाट चाटत आली.

"अरे मेल्या, डबा रिकामा!" काकी म्हणाल्या. "गळत होतं ते दिसलं नाही तुला?"

"दिसलं की. ठिबकत होतं तोवर मला काळजी नव्हती. आत तेल होतं."

"मग?"

"मग मारुतीच्या देवळापाशी ठिबकायचं थांबलं. तेव्हाच मी ओळखलं, संपलं."

तात्यांनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, "पिराजी, आपण मैनेच्या पंखांचं काय करतो? भोक दिसलं की ठिगळ लावतो. वर वार्निशचे तीन हात देतो. टिचकी मारली की हलगीसारखं वाजलं पाहिजे. भोक दिसलं, की हे करायचं. एवढी साधी अक्कल नको?"

"हवी," पिराजी म्हणाला. दुसरी गाठ पडली.

आता भोक शोधायला फार लांब जावं लागत नाही. अंगणातल्या दोरीवर तात्यांचं धोतर वाळत होतं. जुनंच होतं, मधोमध भोक. पिराजीने ठिगळ लावलं. मग वार्निशचा डबा आणला आणि तीन हात दिले. नुसत्या ठिगळाला दिले तर बाकीच्या धोतराला वाईट वाटेल, म्हणून सगळ्यालाच दिले. दुपारी तात्या आंघोळ करून पंचा नेसून बाहेर आले, तर धोतर अंगणात एकटंच उभं.

"टिचकी मारून बघा," पिराजी म्हणाला.

तात्यांनी मारली. खोटं कशाला बोला, वाजलं फार छान. पण तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. धोतर उचललं गेलं, शाळेवरून पलीकडे गेलं, आणि पोरं "विमान, विमान!" म्हणून वर्गातून बाहेर आली.

तात्या पंचा सावरत ओरडले, "अरे, उडणारी वस्तू उघड्यावर मोकळी ठेवतात का? मैनेला आपण काय करतो? साखळीने कड्याला बांधतो, कुलूप घालतो. वाऱ्याचा काय भरवसा?"

तिसरी गाठ.

दुसऱ्या दिवशी काकींचा कोंबडा भिंतीवरून गोठ्यावर उडाला. पिराजीच्या डोळ्यांदेखत उडाला. आता उडणारी वस्तू, आणि तीही उघड्यावर! पिराजी पट्टीवर गेला, मैनेची साखळी सोडून घेऊन आला, कोंबडा खुंट्याशी बांधून टाकला आणि कुलूप घातलं. कोंबडा साखळीखाली नीट दिसतसुद्धा नव्हता.

"किल्ली आण," तात्या म्हणाले.

"दिली."

"कुणाला?"

"समोर आला त्याला. पोस्टमनला."

पोस्टमन एव्हाना तीन गावं पुढे गेला होता. वारा सुटला होता, मैना मोकळी, म्हणून दिवस मावळेपर्यंत तात्या आणि काकी तिचं शेपूट धरून बसले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवराबायको इतका वेळ एकमेकांना खेटून बसल्याचं गावाने प्रथमच पाहिलं. किल्ली परत मिळाली तेव्हा तात्यांचा आवाज पार बसला होता. ते कसेबसे म्हणाले, "पिराजी, किल्ली माझ्या हातात द्यायची. मी कुठेही असलो तरी माझ्याच हातात. देव आला तरी त्याला द्यायची नाही."

"नाही देणार," पिराजी म्हणाला, आणि चौथी गाठ दातांनी आवळली.

अठरा तारीख उजाडली. साहेब आले, कागदांची फळी काखेत धरून. सगळा गाव पट्टीच्या कडेला जमला. काकींनी मैनेला हळदकुंकू लावलं आणि हळूच म्हणाल्या, "बाई गं, त्यांना खाली आण, मग मी तुला सवत म्हणणार नाही."

मैना पट्टीच्या तोंडाशी उभी होती, शेपूट जमिनीतल्या कड्याला बांधलेलं. तात्यांनी कुलूप उघडलं, ते साखळीला अडकवून ठेवलं, किल्ली खिशात टाकली. मग पिराजीला दोन्ही खांद्यांना धरून म्हणाले, "आज तू एकच काम करायचं. मी हात वर केला की साखळी ओढून काढायची. नंतर काही म्हणजे काही करायचं नाही. मी खाली उतरेपर्यंत आहेस तिथून हलायचं नाही."

उपरण्याला आता एवढंसं टोक उरलं होतं. पिराजीने तिथे पाचवी गाठ मारली.

इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि असं काही गरजलं, की तात्यांच्या डोळ्यांतून पाणीच आलं. अकरा वर्षांच्या खटपटीनंतर तो आवाज! त्यांनी हात वर केला. पिराजीने साखळी काढली, अगदी बरोबर काढली. मैना पळाली, उचलली गेली आणि मुरमाच्या ढिगांवरून आभाळात गेली. गाव नाचायला लागला. साहेबांनी कागदावर एक खूण केली.

आता मैना पळाली तेव्हा तिच्या पंख्याचा वारा केवढा! पिराजीची टोपी गेली. उपरणं ताठ झालं. पाय जमिनीवरून सुटतायत असं त्याला वाटलं. म्हणजे आता आपणच उडणार. आणि आपण तर उघड्यावर उभे. त्याने साखळी कमरेला गुंडाळली, कड्यातून घातली आणि कुलूप दाबलं. टक्. मग तो निर्धास्त झाला.

तात्या एक फेरी मारून उतरायला आले. पुढची अर्धी पट्टी मुरमाखाली, म्हणजे चाकं पट्टीच्या तोंडाशीच टेकायला हवीत. आणि तोंडाशी मधोमध पिराजी.

"पिराजी, बाजूला हो!" सगळा गाव ओरडला.

"तात्या खाली आले की होतो."

"तू बाजूला झाल्याशिवाय तात्या खाली येतील कसे?"

पिराजीने बराच विचार केला. "ते मला नाही सांगितलेलं," तो म्हणाला.

चार गडी त्याला ओढायला धावले. तेव्हा त्यांना साखळी दिसली. किल्ली कुठे? तात्यांच्या खिशात. तात्या कुठे? वर.

मैना दोन फेऱ्या फिरली, चार फिरली, सात फिरली. प्रत्येक फेरीला पिराजीच्या नाकावर एक थेंब पडायचा. काकी रडवेल्या झाल्या. "काळजी नको, काकी," पिराजी नाक पुसत म्हणाला, "तेल आहे अजून."

आठव्या फेरीला तात्यांना वरून साखळी दिसली. त्यांनी किल्ली रुमालात बांधून खाली टाकली. ती पडली कपाशीत. काकी लुगडं खोचून धावल्या, काट्याकुट्यांतून किल्ली शोधली आणि धापा टाकत पिराजीच्या हातात ठेवली. "घे रे बाबा! उघड लवकर!"

त्याच वेळी नववी फेरी झाली. पिराजीने नाक वर केलं. वाट पाहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ठिबकायचं थांबलं."

काकींना तो तेलाचा डबा आठवला.

वरही ते कळलं होतं. दहाव्या फेरीला तात्या सरळ उतरायलाच आले. दुसरा इलाजच नव्हता. मैना पिराजीवर चालून आली, धूळ उठली, लोकांनी डोळे मिटले. तात्यांनी तिला डोक्याएवढं उचललं, पिराजीवरून पलीकडे घातलं आणि लगेच खाली टेकवलं. मैना घसटत, फरफटत गेली आणि मुरमाच्या ढिगापासून वीतभर अंतरावर थांबली.

साहेब चालत गेले. इंजिनाखाली वाकून त्यांनी पाहिलं. "कमाल आहे! इतकं जुनं इंजिन आणि थेंबभरही गळत नाही." तात्यांनी नुसती मान डोलावली. साहेब लिहीत होते: एक फेरी हवी होती, दहा मारल्या. अर्ध्या पट्टीवर, माणूस चुकवून उतरवलं. मग त्यांनी सही ठोकली. "पट्टी तुमची, तात्या."

तात्या लहान पोरासारखे रडले. काकींनी मैनेचा पंख कुरवाळला आणि दिलेला शब्द पाळला. मग तात्या डोळे पुसत पिराजीकडे आले. तो जागच्या जागी, साखळीत.

"किल्ली मिळाली नाही का रे?"

"मिळाली."

"मग कुलूप का नाही उघडलंस?"

"देव आला तरी द्यायची नाही, तुमच्याच हातात द्यायची, असं ठरलंय ना?"

"बरं, मग दे आता."

"दिली की. मघाशी डोक्यावरून गेलात ना, तेव्हाच फेकली. चांगली जोरात फेकली."

तात्यांनी वळून मैनेकडे पाहिलं. खालच्या पंखाच्या कापडाला, तीन हात वार्निश दिलेल्या, हलगीसारख्या वाजणाऱ्या त्या कापडाला, बरोब्बर किल्लीएवढं भोक पडलं होतं.

पिराजीनेही ते पाहिलं. त्याने उपरणं चाचपलं, दुसरी गाठ शोधली आणि त्याचा चेहरा उजळला.

"काही घाबरू नका, तात्या," तो म्हणाला. "मैनेला तेवढं इकडे ढकला आणि वार्निशचा डबा द्या. आत्ता ठिगळ लावून भोक बंद करतो. किल्ली पुन्हा बाहेर म्हणून पडायची नाही."