कोल्ह्याचा नवाकोरा टायर

एका डोंगराखालच्या जंगलात, घाट जिथे सुरू होतो अगदी तिथेच, एक कोल्हा टायरचं गॅरेज चालवत असे. जागा मोठी मोक्याची! वर जाणाऱ्याने हवा भरायला थांबावं, खाली येणाऱ्याने हुश्श करायला थांबावं. कोल्ह्याची जीभ अशी गोड, की पंक्चर काढायला आलेलं गिऱ्हाईक टायर बदलून जायचं आणि वर 'उपकार झाले' म्हणायचं. गॅरेजच्या पाटीवर एक कावळा बसलेला असे. कोल्हा काहीही बोलला की तो ओरडे, "अगदी बरोबर! अगदी बरोबर!" एवढंच त्याचं काम, आणि त्याबद्दल त्याला रोज भाकरी मिळे. अशी नोकरी करणारे जंगलाबाहेरही पुष्कळ असतात, बाळांनो.

आता कोल्ह्याची लबाडी ऐका. झिजून गुळगुळीत झालेले टायर तो गॅरेजमागे ढीग घालून ठेवी. तापलेल्या सुरीने त्यांवर नव्या खाचा कोरी, वरून काळा रंग फासी आणि तोच टायर 'नवाकोरा' म्हणून दुसऱ्याच्या गाडीला चढवी. कोरल्यामुळे आधीच झिजलेलं रबर आणखी पातळ होतं आणि घाटात कधीही दगा देतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो खुशाल ते विकत असे.

त्याच जंगलात एक घोरपड राहत होती. आपल्या जीपमधून ती रोज सकाळी आसपासच्या पिल्लांना घाटावरच्या शाळेत नेई. सशिणीची दोन, मुंगसाचं एक आणि साळिंदराची तीन. साळिंदराच्या पोरांना वेगळं कोपऱ्यात बसवावं लागे, ते का हे सांगायला नको! एका दुपारी जीपचं पुढचं चाक बसलं. घोरपडीने जीप कशीबशी कोल्ह्याच्या दारात आणली.

कोल्ह्याने चाकाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि हळहळून म्हणाला, "घोरपडताई, टायर पार कामातून गेलाय हो. पोरांची ने-आण करता तुम्ही. माझं ऐका, नवाच घाला."

"अगदी बरोबर!" कावळा वरून म्हणाला.

पोरांचं नाव निघालं आणि घोरपड विरघळली. "घाला मग नवा," असं म्हणून ती घरी जेवायला निघून गेली. इथेच ती चुकली. काम चालू असताना आपण चाकाशेजारी उभं राहावं, हे तिला कळायला हवं होतं. पण भूक लागली होती बिचारीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घाटाच्या तिसऱ्या वळणावर, तो नवाकोरा टायर फाडकन फुटला. जीप दरीकडे ओढली गेली आणि कडेच्या करवंदीच्या जाळीत अडकून थांबली. एक चाक तर हवेतच होतं. आत रडारड सुरू झाली. घोरपडीने पिल्लं मोजली, पुन्हा मोजली. सहाच्या सहा होती. तिने एकेकाला खाली उतरवलं, पायी चालवत घरी आणलं, आणि मग मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"जाऊ दे, ताई," पिल्लांना कुरवाळत सशीण म्हणाली. "वाचली ना पोरं? कोल्ह्याच्या तोंडी कोण लागणार!"

"माझाही असाच फुटला होता गेल्या महिन्यात," बांबू वाहणारी गाडी चालवणारा गवा म्हणाला. "म्हटलं, जाऊ दे, आपलंच नशीब."

"माझाही," मुंगूस पुटपुटलं.

"अरे, मग तेव्हाच तोंड का नाही उघडलंत?" घोरपड कडाडली. "तुम्ही बोलला असता तर मी त्या दारात पाय ठेवला असता का? आज ही पोरं दरीत गेली असती, तर तेव्हाही जाऊ देच म्हणणार होता?" घोरपडीने घाटात जाऊन जीपचा फुटका टायर काढला, तो ढकलत गॅरेजची वाट धरली, आणि बाकीचे खाली मान घालून तिच्या मागोमाग निघाले.

कोल्हा नेहमीसारखा गोड हसला. "तुम्हीच खड्ड्यात घातली असेल गाडी, ताई. टायर नवाच होता."

घोरपड वास जिभेने घेते, हे तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर आता लक्षात ठेवा. तिने लांब जीभ टायरवर फिरवली आणि ती काळीकुट्ट जीभ सगळ्यांना दाखवली. "हा रंग आहे," ती म्हणाली. "नव्या टायरला रंग कशाला लावावा लागतो रे?"

कोल्ह्याने तिला बाजूला घेतलं. "आत एक खराखुरा नवा टायर आहे," तो कुजबुजला. "फुकट न्या. फक्त बोभाटा करू नका."

खरं सांगायचं तर घोरपड क्षणभर घुटमळली. उद्या शाळा होती, आणि जीप तीन चाकांवर उभी होती. पण तिला गव्याची गाडी आठवली. ती तर रोज त्याच घाटातून जात होती. "मला एकटीला नको," ती मोठ्याने म्हणाली आणि तिने गॅरेजच्या खांबाला मिठी मारली. कोल्ह्याने तिची शेपूट ओढली, कावळ्याने डोक्यावर चोची मारल्या. पण घोरपडीची पकड ती! खांब हलला, घोरपड हलली नाही.

"काय हवंय तरी काय तुला?" कोल्हा धापा टाकत ओरडला.

"तुझ्या ढिगातले टायर तुझ्याच गाडीला लाव. मागे तुझी पोरं बसव आणि घाट चढून दाखव. सुखरूप वर पोचलास, तर मी सगळ्यांदेखत तुझी माफी मागेन."

आता गव्यालाही चेव आला. त्याने ढिगातले रंगवलेले चार टायर उचलले आणि बघता बघता कोल्ह्याच्या गाडीला चढवले. गडबड ऐकून कोल्ह्याची तीन पिल्लं घरातून पळत आली. घाट त्यांनी कधी पाहिला नव्हता. टुणकन उड्या मारून ती गाडीत बसली. "बाबा, चला ना! आम्हाला वरून जंगल बघायचंय!"

सगळे बघत होते, म्हणून कोल्हा नाइलाजाने गाडीत बसला आणि त्याने किल्ली लावली. तो पिल्लांकडे बघे, पुन्हा समोरच्या घाटाकडे बघे, पण किल्ली काही फिरवेना. धाकटं पिल्लू हौसेने आणखी पुढे सरकून बसलं, तसा तो किंचाळला, "उतरा! उतरा म्हणतो ना खाली! मरायचंय का?"



मग सशीण पुढे आली. जन्मात कुणाला उलट न बोललेली सशीण! तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्पष्ट होता. "काल तूच तो टायर चढवलास," ती म्हणाली. "माझी पिल्लं त्यावर बसणार होती, तेव्हा का नाही ओरडलास?"

कोल्ह्याला तोंड वर करता येईना. प्राण्यांनी तो सगळा ढीग बाहेर ओढला आणि एकेक टायर दातांनी, शिंगांनी फाडून टाकला. कोल्ह्याची पिल्लं गाडीतून उतरून बापाकडे टकमक बघत उभी राहिली.

तात्पर्य : आपली फसवणूक गप्प बसून सोसली, तर तीच उद्या दुसऱ्याच्या जिवावर बेतते, म्हणून 'जाऊ दे' म्हणू नये, जाब विचारावा.