करडईतली माशी

एका गावात सटवाजी नावाचा एक जाणता माणूस राहत होता. कुणाच्या पिकावर नवा किडा दिसला की लोक तो द्रोणात घालून त्याच्या ओसरीवर आणायचे, आणि सटवाजी नुसतं बघून नाव सांगायचा. वीस वर्षं हा मान त्याचाच होता. रानात मात्र तो कधी उतरत नसे. त्यातून करडई म्हणजे काटेरी पीक! अंग कोण ओरबाडून घेणार?

एका हिवाळ्यात आभाळ भरून आलं आणि गावच्या करडईवर मावा पडला. काळे बारीक किडे शेंड्याशेंड्यावर दाटी करून रस पिऊ लागले. त्यांच्यात हिरव्या अळ्या वळवळू लागल्या, वर गांधीलमाशीसारखी पिवळ्या पट्ट्यांची इवलीशी माशी भिरभिरू लागली. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षाचं तेल त्या पिकावर होतं.

आठ दिवसांनी गिरजा चावडीवर आली. ही खुरपणीला जाणारी बाई. तिची स्वतःची करडईची एक पट्टी होती. हातापायांना फडकी गुंडाळून ती रोज पिकात बसून राहिली होती.

"पाटील, ही माशी हवेत एका जागी थांबती," ती म्हणाली. "माव्याजवळ अंडं घालती. त्यातनं अळी निघती, ती मावाच खाती, आन् तिचीच पुन्हा माशी हुती. गांधीलमाशी न्हवं ही. तिला चार पंख, हिला दोनच. अळ्या मारू नका."

"शाब्बास गिरजे!" पाटील म्हणाले.

झालं! सटवाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षांत आपल्याला कुणी असं शाब्बास म्हटलं नाही, आणि या खुरपं धरणारीला?

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो गुपचूप पिकात शिरला, तिची चूक पकडायला. काटे बोचले, तरी बसला. एका अळीनं मावा तोंडात धरून उचलला, चोखून टरफल टाकलं आणि दुसरा धरला. मग तिसरा. बाई खरं बोलत होती. अहो, पीक वाचत होतं, माणसाला आनंद व्हावा की नाही? सटवाजीला रडू कोसळायचं तेवढं बाकी होतं.

चावडीवर पाटलांनी विचारलं, "सटवाजी, तुमचं काय म्हणणं?"

"शेंडे खाणारी अळी आहे," तो म्हणाला. "वेचून मारा."

त्याच्या शब्दावर गावानं अळ्या वेचून पाण्यात बुडवल्या. पंधरा दिवसांत मावा मोकाट सुटला. करडई चिकट झाली, काळी पडली, वाळली. सटवाजीचीही वाळली. गिरजाची पट्टी तेवढी फुलली.

चावडीवर लोक कुजबुजू लागले, तेव्हा गिरजाच पुढं झाली. "काकांना बोल लावू नका. घरात बसून काय दिसणार? रानात बसले असते तर त्यांनीच आधी वळखली असती."

हे मात्र सटवाजीला सोसवेना.

"बसलो होतो गं," तो म्हणाला. "या डोळ्यांनी पाहिलं होतं. तुझं खरं होतं."

गिरजानं तोंडाला पदर लावला आणि ती घरी निघून गेली. मागोमाग एकेक जण उठला. सटवाजीला कुणी एक शिवीसुद्धा दिली नाही.

तात्पर्य: न कळून झालेली चूक लोक पोटात घालतात, पण दुसऱ्याचं खरं ठरू नये म्हणून जो जाणूनबुजून खोटं सांगतो, त्याच्या जाणतेपणावर पुन्हा कुणी विश्वास ठेवत नाही.