गव्हाचं पाणी आणि संत्र्याची तहान

एका गावात एक शेतकरी होता. गव्हात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढे त्याने त्याच शेतात संत्र्याची झाडं लावली आणि मधल्या जागेत गहू पेरतच राहिला. झाडं वाढली, हिरवीगार झाली, पण फूल म्हणून येईना.

बायको म्हणायची, "अहो, आता बाजारात सावली विकायची का?"

शेजारच्या गावात एक म्हातारा बागवान फळझाडांचं शिकवायचा. तिथे शिकायला जाणारे लोक त्याला बोलवायला आले, तर शेतकरी हसला. "या वयात मी शाळेत बसू?" खरं तर त्याला लाज वाटत होती. आपल्याला येत नाही हे चारचौघांत कसं दाखवायचं?

हिवाळ्यात शेजारीण आली. तिच्या घराचा सगळा भार तिच्या संत्र्यांवर होता.

"भाऊजी, पाणी कमी पडलं. पानं मलूल झालीत. काय करू?"

त्याला ठाऊक नव्हतं. पण तसं म्हणवेना. "करायचं काय त्यात? भरपूर पाणी द्या, वहिनी."

बिचारीने दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणून झाडं भिजवली. बहाराचे दिवस आले. तिच्याही बागेत फूल नाही.

ती पुन्हा आली. रागावली नाही. "तुम्ही सांगितलं तसंच केलं, भाऊजी. माझंच काही चुकलं असेल."

ते ऐकून त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. 

सकाळी तिला घेऊन तो बागवानाकडे गेला. सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "मला येत नव्हतं. माझ्याच झाडांना फूल नाही, तरी मी हिला सांगितलं. हिचा बहार माझ्यामुळे गेला."

बागवानाने शांतपणे विचारलं, "झाडांत काय पेरता?"

"गहू."

"मग गव्हाला पाणी देता, ते झाडही पितं. संत्र्याला हिवाळ्यात तहान लागू द्यावी लागते. पानं मलूल होऊन गळायला लागली, की मग पाणी. तेव्हा ते फुलतं. या बाईंची झाडं फुलायच्या बेतातच होती, पण पाणी आधीच मिळालं."

शेतकऱ्याने मान खाली घातली.

पुढच्या हिवाळ्यात त्याने गहू दुसऱ्या शेतात पेरला. संत्र्याची पानं मलूल होताना पाहून हात पाण्याच्या पाटाकडे जायचा. तो मागे घ्यायचा. दोन्ही बागा फुलल्या.

फळं तयार झाली, तेव्हा संत्र्यांची पहिली पाटी शेजारणीने त्याच्याच दारात आणून ठेवली. त्याने ती घेतली, पण मान काही वर झाली नाही.

तात्पर्य इतकंच, लेकरांनो: येत नाही म्हणायला लाजलो, तर त्याची झळ दुसऱ्यालाही लागते. शिकायला बसण्यात कसली लाज?