वाढव्या माडीची मुरड

हिवरापूरला सुट्टीत आलेली मंडळी कुंभारवेशीशी रिक्षातून उतरतात आणि मान वर करून उभी राहतात. साहजिक आहे. अशी माडी दुसरीकडे बघायला मिळायची नाही. पण फोटोची घाई करू नका. आधी खाली या खानावळीत बसा, ताट पुढे येऊ द्या, मग वर बघा. दुसऱ्या मजल्याच्या जाळीला भोकं आहेत ती थालीपीठाची. त्यावरचे खांब चकलीसारखे पिळलेले. आणि अगदी वर, जिथं दार आहे आणि त्यापुढे नुसती हवा, तिथल्या कठड्याला कानवल्याची मुरड घातली आहे. ती अर्धीच आहे. तशी का राहिली, त्याचीच ही गोष्ट.

फार मागे या गावावर आवडाबाई देशमुखिणीचा अंमल होता, असं सांगतात. तिचा एकुलता एक रायाजी मोहिमेवर गेला. बाईनं नवस बोलला, की खिंडीतून परत येताना लेकाला घर लांबूनच दिसेल अशी माडी बांधीन. त्यासाठी नदीपलीकडच्या तेलंगी मुलखातून कोंडय्या पाथरवट आणवला. त्याच्याबरोबर त्याची बायको नरसव्वा आली. तिला गावानं नरसाक्का करून टाकलं. कोंडय्या दगड घडवायचा, नरसाक्का कामावरच्या माणसांना रांधून घालायची. ही खानावळ म्हणजे तिचीच चूल म्हणे.

पहिला मजला उभा राहिला आणि रायाजीची पगडी आली. नुसती पगडी. माणूस आला नाही.

त्या दिवशी आवडाबाई स्वतः कामावर आली. डोळे कोरडे. एवढंच म्हणाली, "कोंडय्या, काम वाढवा आता."

तुम्हाआम्हाला कळलं ती काय म्हणाली ते. आपण दुकान बंद करत नाही, वाढवतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही ही आपली रीत. पण परमुलखातून आलेल्या माणसाला ही आडवळणं कोण शिकवणार? त्यानं मराठी उचलली होती ती चुना, वाळू, ओळंबा यांच्यापुरती. त्याला वाटलं, बिचारी आई, लेकाला अजून लांबून दिसावं म्हणून माडी उंच करायला सांगते आहे. त्यानं डोक्याला बांधलेलं फडकं सोडून तिला नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी वरचा दगड चढवला.

इथून पुढे सगळं नरसाक्काच्या जिवाला लागलं.

कोंडय्या जेवायला खाली येईना. ती ताट घेऊन वर जायची. तो जेवताना ताटाकडे असा बघत राहायचा, की ही म्हणायची, "गिळ की मेल्या, बघतोस काय?" मग त्यानं ताटात बघितलेलं चार-आठ दिवसांनी दगडात उतरायचं. गाव खुळं झालं होतं त्या माडीपायी. परगावची माणसं बैलगाड्या जुंपून बघायला यायची, खाली बसून नरसाक्काच्या हातचं खायची आणि वर बघून माना डोलवायची. नरसाक्काला मात्र त्याचा खोकला ऐकू यायचा. दगडाची भुकटी छातीत बसली होती. माडी एक हात वर गेली, की तो अंगानं चिमूटभर उतरायचा.

एका संध्याकाळी ती तेल आणायला गेली. तेली म्हणाला, "दुकान वाढवलं अक्का, सकाळी या." ही वाटी धरून उभीच. वाटलं, आता हा फळ्या काढून दुकान मोठं करणार. तेल्यानं फळ्या लावल्या, कडी घातली, निघून गेला. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख झालं.

धावत वर जाऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. त्याच्या हातातली छिन्नी थांबली. तो म्हणाला, "मग बाईनं अडवलं का नाही? रोज तर बघते."

नरसाक्का तशीच देशमुखिणीपुढे जाऊन उभी राहिली. "बाईसाहेब, माझा माणूस मरतोय. एकदा उघड बोला. काम बंद कर म्हणा."

आवडाबाई तिला रागावली नाही. जवळ बसवून म्हणाली, "नरसाक्का, मी दोनदा जिन्यापर्यंत गेले गं. शब्द निघत नाही. काम चालू आहे तोवर माझा रायाजी वाटेत आहे. बंद म्हटलं, की मीच त्याला मारला." आणि रडायला लागली. नरसाक्का भांडायला गेली होती, ती तिचे डोळे पुसून परत आली. काय करणार? तिला त्या बाईचा राग येईना, आणि त्याचाच राग येत होता.

तिनं कोंडय्याला विनवलं, शिव्या घातल्या, पाया पडली. तो म्हणाला, "शब्द मालकिणीचा आहे. तिनं दिला, तिनंच फिरवावा." मग मान खाली घालून म्हणाला, "खरं सांगू? मलाही आता थांबवत नाही."

शेवटी तिच्या हातात काय उरलं होतं? चूल. तिनं गावातल्या बायकांकडून ऐकलं होतं, की निघालेलं माणूस मागे वळावं म्हणून मुरडीचे कानवले करतात. तिनं ते केले. बोटं भाजेपर्यंत एकेकाला मुरड घातली आणि वर नेऊन त्याच्यापुढे ठेवले. "खा. आणि मुरड आता. चल खाली माझ्याबरोबर."

त्यानं कानवला उचलला, उजेडात धरला, त्याच्या काठावरून बोट फिरवलं. म्हणाला, "काय कड आहे गं." आणि ती कड कठड्याच्या दगडात कोरायला घेतली.

नरसाक्का रिकामं ताट घेऊन एकटी खाली उतरली.

ती मुरड अर्ध्यावर आली असताना तो गेला, असं म्हणतात. दुपारी ती जेवण घेऊन वर गेली, तर तो कठड्याला टेकून बसलेला. मांडीवर अर्धा कानवला.

मग वाड्यातून बायका आल्या. जाणत्या, सोज्वळ बायका. त्यातली एक हळूच म्हणाली, "नरसाक्का, बांगड्या वाढव."

नरसाक्कानं मान वर केली. सगळ्यांकडे बघितलं. मग कासाराला बोलावणं पाठवलं. तो आला, तसे तिनं दोन्ही हात पुढे केले. "भर. कोपरापर्यंत भर. वाढव म्हणाल्यात बाया. माझ्या माणसानं या शब्दाचा जो अर्थ धरला, तोच मी धरणार."

कासारानं कोपरापर्यंत भरल्या. बायका पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. ते आवडाबाईच्या कानावर गेलं. ती अनवाणी धावत आली, त्या भरल्या हातांकडे बघितलं, आणि माडीखाली सगळ्या गावासमोर मोठ्यानं म्हणाली, "बंद. काम बंद. माझा रायाजी गेला."

नरसाक्का तिला एवढंच म्हणाली, "आता वर ऐकायला कोणी नाही, बाई."

आजही माडीच्या पहिल्या पायरीवर बांगड्या ठेवलेल्या असतात. नवरा असो नसो, कुणीही बाई त्या उचलून भरते, तिला कुणी हटकत नाही. वरच्या दाराला कुलूप असतं, पण अर्धी मुरड खालून दिसते. आजही या गावात संध्याकाळी दुकान वाढवत नाहीत, सरळ बंद करतात. आणि या खानावळीत तुम्ही ताटावर हात धरा, पुरे म्हणा, नको म्हणा, वाढपी वाढतच राहील. त्याच्यावर चिडू नका. तो एकाच शब्दाची वाट बघतो. बंद म्हणा. मग तो पळी खाली ठेवतो आणि प्रत्येकाला म्हणतो, "वेळेवर बोललात."