अनशी लोहारणीचे दोन पाटे

फार वर्षांपूर्वी, हेदुलबंदराला अजून धक्का नव्हता आणि होड्यांना शिडं होती, तेव्हाची ही गोष्ट. पोरांनो, नीट बसा. मोठ्यांनीही मध्येच तोंड घालू नका, तुम्हाला ठाऊक असलं तरी.

तेव्हा या बंदरात अनशी नावाची लोहारीण होती. तिचा नवरा गणू भाता ओढायचा आणि घण ती मारायची. आधी लोक हसले. मग तिच्या कोयत्यानं एका घावात नारळाची दोन भकलं होतात हे त्यांनी पाहिलं, आणि हसणारेच कोयते घेऊन तिच्या दारात रांगेला लागले. तिच्या घणाचा आवाज खाडीपलीकडे जायचा आणि तिकडच्या बाया तो ऐकून चुली पेटवायच्या, असं म्हणतात.

अनशीची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे द्वारकी खारवीण. द्वारकीचा नवरा राघो मासेमारीला जायचा. एका भादव्यात भर दर्यात जाळ्याचा दोर त्याच्या पायात अडकला आणि जाळं त्याला घेऊन खाली गेलं. दुसऱ्या दिवशी राघोचा देह किनाऱ्याला लागला तेव्हा कमरेची सुरी कमरेलाच होती, लाकडी म्यानात. दोर कचकन कापणारी सुरी, अनशीच्याच हातची. पण खाऱ्या पाण्यानं ती गंजून म्यानात घट्ट बसली होती. गणूनं ओढली, अनशीनं पाय लावून ओढली. सुटली नाही.

द्वारकी तिला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं हो! अनशीनं ती सुरी म्यानासकट ऐरणीसमोरच्या भिंतीवर टांगली. रोज सकाळी भट्टी पेटवण्याआधी ती सुरी एकदा ओढून बघायची, आणि मगच कामाला लागायची.

वर्षं गेली. राघोचा मुलगा धाकू बापासारखा उंचापुरा झाला, आणि एका आषाढात द्वारकी पदर खोचून भट्टीवर आली.

"अनशे, पोर ऐकत नाही गो. नारळी पुनवेला होडीवर चढणारच म्हणतो. त्याला सुरी दे. पण सुटणारी दे."

"देते," अनशी म्हणाली. म्हणाली खरी, पण तिची नजर भिंतीवरच्या सुरीकडे गेली. खाऱ्या वाऱ्यात न गंजणारं लोखंड आणायचं कुठून?

ते दर्यानंच दिलं. त्याच पावसात एक आगबोट बाहेरच्या खडकावर फुटली आणि तिचं सामान पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, येऊन पडलं. आठवडाभरात सगळ्यावर गंजाचा तांबेरा चढला, पण काही पट्ट्या पांढऱ्याशुभ्रच राहिल्या. आज तुमच्या घरात स्टीलची ताटं असतात ना, त्याच भावकीतलं ते पोलाद, पण हाडानं जास्त कडक. अनशीनं पट्ट्या उचलल्या आणि नाचतच घरी आली. गणू म्हणाला, "बाई, आधी पाय पूस."

पण हे पोलाद भलतंच हट्टी निघालं. अनशीनं पहिलं पातं लाल तापवलं आणि रीतीप्रमाणे समुद्राच्या पाण्यात बुडवलं. टिच्च! पात्याला उभी चीर गेली. दुसऱ्याचंही तेच. तिसरं पातं तापलेलं असतानाच तिला कुणी हाक मारली, म्हणून तिनं ते तसंच समुद्राकडच्या दारातल्या खुंटीला लटकवलं आणि विसरली. परत येऊन बघते तर पातं पाणी न पिताच कडक झालेलं, कानस फिरवली तर नुसती घसरत होती! या पोलादाला पाणी नकोच होतं, नुसती हवा पुरे होती. अनशीचा हर्ष गगनात मावेना.

मग तिनं ते डोळ्यासमोर धरलं. पातं वाकलं होतं, केळं वाकतं तसं. वाकडं पातं म्यानात जायचं नाही, आणि ठोकून घातलं तर बाहेर यायचं नाही. म्हणजे राघोची सुरी ती हीच, नुसती गंजाविना. तिनं ते ऐरणीवर ठेवून गारच ठोकलं, तर काडकन दोन तुकडे.

त्याच खुंटीवर पुढचं पातंही वाकलं. त्याच्या पुढचंही वाकलं. आणि सगळी एकाच अंगाला, समुद्राकडे! गावात कुजबूज सुरू झाली. बंदरावरचे जाणते म्हणाले, "दर्याची वस्तू ती. दर्या आपल्याकडे ओढून घेतोय. राघोला नेलं, आता पोराला बोलावतोय." हे द्वारकीच्या कानावर गेलं. ती भट्टीवर आली आणि उंबऱ्यावर बसली.

"नको गो मला सुरी. मी धाकूला घरात कोंडते."

"किती दिवस कोंडशील? तो काय कोंबडी आहे?" अनशी म्हणाली. "मला पुनवेपर्यंत वेळ दे."

तिनं वाकलेली सगळी पाती ओटीवर ओळीनं मांडली आणि त्यांच्यासमोर बसून राहिली. गणूनं भाकरी आणून ठेवली, ती तशीच वाळली. बसल्या बसल्या तिच्या गालाला वारा लागत होता. एकाच गालाला. दुसरा गाल भट्टीकडे होता आणि तो तापलेला होता. अनशी ताडकन उठली.

तिनं नवं पातं तापवून मागच्या दारी, आडोशाला लटकवलं. स्वतः डोंगराच्या बाजूला उभी राहिली, हातात तांदूळ पाखडायचं सूप घेतलं आणि पात्याला वारा घालू लागली. गणूला वाटलं, झालं, बायको कामातून गेली. पातं गार झालं. आणि वाकलं ते डोंगराकडे!

"द्वारके! ए द्वारके!" अनशी रस्त्यातूनच ओरडत सुटली. "दर्या नाही गो ओढत! वारा लागतो ती बाजू आधी गार होते, दुसरी मागं राहते, आणि दोघींची ओढाताण! सुपानं वाकवलंय मी, सुपानं!"

द्वारकीनं सूप बघितलं, पातं बघितलं आणि राघो गेल्यापासून पहिल्यांदा खदखदून हसली. हसता हसता रडली.

आता दोन्ही बाजूंना एकाच वेळी सारखा गारवा द्यायचा होता. अनशीनं स्वयंपाकघरातला मसाला वाटायचा दगडी पाटा ओढून काढला. पण पाटा हवा जोडीनं, एक खाली, एक वर. आणि आपल्या गावची रीत तुम्हाला माहीत आहे, लग्नात आलेला पाटा बाई मेली तरी उंबऱ्याबाहेर देत नाही. द्वारकी उठली. घरी गेली, आपला पाटा डोक्यावर घेतला आणि साऱ्या गावादेखत चालत आली.

ते बघून बाकीच्या बायांनाही राहवेना. पाटे टाकी लावलेले, खडबडीत. दोघांच्या मध्ये वाळू आणि पाणी घालून बाया पाटा पाट्यावर घासत राहिल्या. एक दमली की दुसरी बसायची. शेवटी ते असे सपाट झाले की वरचा उचलताना खालचा चिकटून वर यायचा, असं म्हणतात.

पुनवेच्या सकाळी अनशीनं आणखी एका पट्टीचं पातं भट्टीत घातलं. आडवं नाही, उभं टांगून, म्हणजे स्वतःच्या वजनानं लवायला नको. पातं पिवळंजर्द झालं तेव्हा तिनं ते सांडशीनं अलगद खालच्या पाट्यावर ठेवलं, आणि द्वारकीनं वरचा पाटा टेकवून त्यावर दोन्ही हातांनी भार दिला. दगड तडकायला हवे होते. तडकले नाहीत.

पाटा उचलला तेव्हा पात्यात केसभर बाक उरला होता. पण पातं अजून ऊन होतं. अनशीनं हाताला फडकं गुंडाळलं आणि ते बोटांनीच हळूहळू दाबलं, पोराचा मुरगळलेला पाय चोळावा तसं. "ऊन असेतो ऐकतं गो," ती म्हणाली, "गार झालं की मोडतं." पातं ऐकलं. मग तापल्या वाळूत दोन पट्ट्यांमध्ये बांधून तिनं ते मुरवलं, धार लावली आणि नव्या म्यानात सरकवलं.

"ओढ," ती धाकूला म्हणाली. सुरी सर्रकन बाहेर आली.

आणि त्याच आश्विनात जे व्हायचं ते झालं. वावटळ उठली, दोर धाकूच्या पायात आला आणि जाळं त्याला घेऊन खाली गेलं, बापाला नेलं तसंच. होडीवरच्यांनी डोक्याला हात लावले. तेवढ्यात काळ्या पाण्यात खोलवर काहीतरी चमकलं, चांदणं सांडावं तसं. ती धाकूची सुरी होती, असं म्हणतात. सर्रकन सुटली, दोर कापला, आणि त्या उजेडाच्या मागानं धाकू वर आला.

द्वारकी धावत भट्टीवर गेली आणि तिनं अनशीला मिठी मारली. "सुटली गो," एवढंच म्हणाली. "सुटली."

त्यानंतर अनशीनं बंदरातल्या एकेका खलाशाला तशी सुरी करून दिली. आगबोटीच्या पट्ट्या कधीच संपायला हव्या होत्या, पण ती होती तोवर संपल्या नाहीत. ती गेल्यावर भट्टी विझली. पाटे मात्र अजून कोमट लागतात. हात लावून बघा. उन्हानं तापतात म्हणणारेही आहेत, त्यांनी पावसात येऊन बघावं.

आता सुऱ्या बाजारातून येतात, प्लॅस्टिकच्या मुठीच्या. तरी नारळी पुनवेच्या सकाळी प्रत्येक सुरी अनशीच्या पाट्यांमध्ये घटकाभर ठेवल्याशिवाय इथली होडी सुटत नाही. मग सगळे खलाशी पुळणीवर उभे राहतात. गावातली सगळ्यात म्हातारी खारवीण राघोची सुरी घेऊन पुढे येते, अनशी रोज ओढायची तीच. सगळा गाव श्वास रोखून बघतो. म्हातारी जीव खाऊन ओढते.

"नाही सुटली," ती सांगते, आणि सुरी पदरानं पुसून परत ठेवते.

मग ती खलाशी पोरांकडे वळून विचारते, "तुमच्या?" आणि सगळे एकदम आपापल्या सुऱ्या उपसतात.