ओलीवर बसलेले आबा

फार मागे, माणसं झाडाझुडपांचं बोलणं ऐकून घ्यायची तेव्हा, एका ओढ्याच्या काठी वेखंडाचं बेट होतं. मधल्या चिखलावर आबा नावाचा जुना गड्डा ऐसपैस पसरलेला आणि कडेच्या कोरड्या मातीत धाकटा कोंब पिवळा पडत चाललेला.

"आबा, जरा सरका. वाळतोय मी."

"मोठ्यांपुढं तोंड उघडतोस? अरे, गावातली पोरं आमच्यामुळं बोलायला लागली! वेखंड चाटला की जीभ सुटते."

"मग माझीच का बांधता?"

"बघा! हे आजकालचे संस्कार!"

तेवढ्यात येसूबाई सुईण खुरपं घेऊन आली. तिच्या नातवाला अजून शब्द फुटत नव्हता. तिनं आबांना उपटलं, मोडलं, हुंगलं. आत पोकळ, वासाचा पत्ता नाही. "मेल्यानं नुसती जागा अडवली," म्हणत तिनं त्यांना धोंड्यांत भिरकावलं. कोंबाच्या मुळाचा घमघमता तुकडा तिनं उगाळायला घेतला आणि कोंब मधल्या चिखलात रोवला.

काही दिवसांनी ती नातवाला घेऊन ओढ्यावर आली आणि सावलीतल्या एकुलत्या दगडावर टेकली. उन्हातलं पोरगं पहिलाच शब्द बोललं, "सरक!"

वाळत पडलेले आबा धोंड्यांना म्हणाले, "पाहिलंत? आम्हीच शिकवलं."