बशीची ऊब

"...आणि हे बीज पहिल्या प्रतीचं कशावरून म्हणतोस?"

सुयोग सूक्ष्मदर्शकात पाहत होता. डोळा न काढताच म्हणाला, "भोवती पेशींचे दाट थर आहेत, सर. आतला रंगही एकसारखा."

पुकळे सर शेजारच्या स्टुलावर बसले होते. मेंढीची स्त्रीबीजं काढायला त्यांनीच त्याला शिकवलं होतं. आज त्याची परीक्षा होती. बीजांडकोश कत्तलखान्यातून थर्मासात आणलेले, त्यामुळे चुकलं तरी निभावणार होतं.

उद्याचं तसं नव्हतं. उद्या काजळी शस्त्रक्रियेच्या टेबलावर यायची होती. माडग्याळ मेंढ्यांच्या एका जुन्या वंशातली ती शेवटची मादी, तीही म्हातारी. तिची बीजं हाती लागली तर दुसऱ्या मेंढ्यांच्या पोटी वंश चालेल, नाहीतर तिच्याबरोबर संपेल. भूल द्यायची म्हणून तिची वैरण आज संध्याकाळीच बंद करायची होती; ते काम इथे बीजं काढणाऱ्याचंच असे. बीजं कोण काढणार, हे मात्र सरांनी अजून सांगितलं नव्हतं.

सर विचारत राहिले. वयाबरोबर बीजं का घटतात, उन्हाळ्यात त्यांची प्रत का उतरते. सुयोगला सगळं येत होतं. विचारलेलं सांगून झालं की न विचारलेलंही तो सांगत होता.

"तुमच्या काळी हे अंदाजानंच चालत असेल, सर."

सर हसले. मग त्यांनी त्याचा हात धरला आणि बोटं भिंगाखालच्या, बीजं ठेवलेल्या बशीला टेकवली.

बशी गार पडली होती...

बशी उबदार ठेवणारी गरम पाटी हाताशीच होती. बशी तिच्यावर परत ठेवायची राहूनच गेली होती. गारठ्याने बीजं वाया गेली होती, तरी भिंगाखाली ती अजून तितकीच देखणी दिसत होती.

"मला थांबवलं का नाहीत, सर?" त्याने विचारलं.

"मी विचारत राहिलो, तेव्हा तू मला थांबवलंस?"

...

सुयोगने उबेच्या पेटीतून दुसरी बशी काढली आणि भिंगाखाली धरली.

"हे बीज पहिल्या प्रतीचं कशावरून?" सरांनी पुन्हा विचारलं.

सुयोग बोलला नाही. त्याने पाहिलं, चांगली बीजं निवडली, बशी पेटीत ठेवली, दार लावलं. मग उत्तर द्यायला सरांकडे वळून तोंड उघडलं.

सर केव्हाच उठले होते. खिडकीतून मेंढवाड्याकडे पाहत म्हणाले,

"काजळीपुढची वैरण उचल."